अर्धा पाहिलेला भाग

"त्यातलं काही पुसू नकोस हं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "जागा लागली तर माझ्या मालिका काढ."

मुलीच्या हातात रिमोट होता आणि पडद्यावर रेकॉर्डिंगची भलीमोठी रांग. प्रश्नमंजूषा, जंगलातले प्राणी, पुन्हा प्रश्नमंजूषा. सगळे बाबांच्या आवडीचे कार्यक्रम. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. रांगेतला सगळ्यात वरचा भाग कालचा होता.

"हे कोण रेकॉर्ड करतं, आई?"

"होतात."

"आपोआप?"

"चहा टाकतेय. तुला साखर कमीच ना?"

मुलीने विषय सोडला. ती आईला आपल्याकडे घेऊन जायला आली होती. घर भाड्याने द्यायचं, गॅस आणि टीव्हीचं कनेक्शन बंद करायचं, सामान बांधायचं, अशी सगळी तयारी मनाशी करून. ती फिजिओथेरपिस्ट होती. पेशंट कुठलं दुखणं लपवतोय हे तिला खांद्याला हात लावताच कळायचं. आईच्या बाबतीत मात्र तिने हात टेकले होते.

बाबा जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. एका सकाळी गळ घेऊन धरणावर गेले ते गेलेच. होडी उलटलेली मिळाली, टोपी मिळाली. पाणी खोल, तळाशी गाळ. पाणबुडे हात हलवत वर आले. आई तेव्हा रडली नाही, नंतरही नाही. धक्का आत गेलाय, असं लोक म्हणाले. आता तो बाहेर यायला लागलाय, असं मुलीला वाटत होतं.

दुपारी आई टीव्हीसमोर बसली. जंगलातल्या प्राण्यांचा कालचा भाग लावला. वाघीण पिल्लांना घेऊन नाल्यात उतरत होती, तेवढ्यात आईने तो बंद केला.

"बघ की पुढे. आता खरी गंमत आहे."

"ह्यांनी इथपर्यंतच पाहिलंय," आई सहज म्हणाली. "आपण पुढे कशाला जायचं? दमले असतील काल."

आईने चष्मा पुसला आणि मटार सोलायला घेतले.

संध्याकाळी मुलीने गच्चीत जाऊन नवऱ्याला फोन केला. "तिला भास होताहेत. स्वतःच रेकॉर्ड करते आणि विसरते. डॉक्टरांना दाखवावं लागेल." मग म्हणाली, "तिच्या तोंडून ऐकलं ना, की क्षणभर मलाही खरं वाटतं."

त्या रात्री तिने रिमोट आपल्या पर्समध्ये टाकला आणि पर्स उशाशी घेऊन झोपली.

सकाळी रांगेत नवा भाग होता.

तिने स्वतःची समजूत घातली की आईने आधीच लावून ठेवला असेल. आई भाजी आणायला गेली होती. घरात ती एकटीच. नव्या भागाच्या नावाखाली एक बारीक निळी रेघ होती, किती पाहून झालं ते दाखवणारी. पाव भाग निळा झालेला. ती उठून पाणी प्यायली, परत येऊन बसली. रेघ पुढे गेली होती. रिमोट तिच्याच हातात होता. खोलीत पंख्याशिवाय काही हलत नव्हतं.

तिने टीव्हीचा प्लग उपसून काढला. सेट-टॉप बॉक्सच्या प्लगलाही हात घातला, पण तो ओढायला हात धजावेना. हात लावला तर बॉक्स कोमट लागत होता.

हे सगळं एकदाचं पेन ड्राइव्हवर उतरवावं, आईच्या हाती द्यावं आणि कनेक्शन तोडून टाकावं, असं तिने ठरवलं. बॉक्सला मागे पेन ड्राइव्ह लावून पाहिला. टीव्ही पुन्हा सुरू केला. पडद्यावर पाटी आली, ही फाइल कॉपी होत नाही. आई दारातून आत आली तेव्हा मुलगी फोन स्पीकरवर टाकून कंपनीच्या कस्टमर केअरशी बोलत होती.

"रेकॉर्डिंग बाहेर काढता येत नाही, मॅडम," पलीकडची बाई म्हणाली. "पण तुम्ही मोबाइलवर बघू शकता की. तुमच्या खात्यावर ॲप चालू आहे."

"आमच्याकडे कुणाकडेच ॲप नाही."

"आहे, मॅडम. रेकॉर्डिंग सगळी तिथूनच लागतात. खातं तुमच्या वडिलांच्या नावावर आहे ना? त्यांचाच पासवर्ड टाकलाय."

"त्यांचा फोन पाण्यात गेला," मुलगी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "ते गेले तेव्हाच."

"हा नवा फोन आहे. मागच्या हिवाळ्यात जोडलेला."

"शेवटचा कधी वापरलाय?"

पलीकडे जरा वेळ नुसती कीबोर्डची टकटक. "आत्ता चालू आहे, मॅडम. कुणीतरी बघतंय."

मुलीने वर पाहिलं. आई पिशवी खाली न ठेवताच उभी होती. चेहऱ्यावर ना धक्का, ना प्रश्न.

"तुम्हाला नको असेल तर मी आत्ता इथून बंद करते," फोनमधली बाई म्हणाली. "करू का?"

आईने पुढे होऊन मुलीच्या हातातून फोन घेतला. "राहू द्या, ताई. चालू राहू द्या," ती शांतपणे म्हणाली आणि फोन ठेवला.

"आई," मुलगी म्हणाली. "आई, बाबा..."

"हळू बोल," आई म्हणाली. "बंद केलं तर त्यांना कळेल ना, मला कळलंय म्हणून."