सासरी गेलेलं प्रथिन

“तुझं प्रथिन पुन्हा मेलं,” नवऱ्याने दारातूनच सांगितलं.

बर्फाच्या डब्यात हात घालून ती उभी होती. तिने वर पाहिलंही नाही. “इथून निघालं तेव्हा धडधाकट होतं.”

ते प्रथिन माणसाच्या शरीरातलं, पण करून घेतलेलं जिवाणूंकडून. त्याच्यामुळे पेशी वाढतात. ती ते या खोलीत तयार करायची, गाळून गाळून शुद्ध करायची, थोडं थोडं चिमुकल्या नळ्यांत भरून गोठवायची. तिच्या तपासणीत ते चोख निघायचं. मग नळी समोरच्या खोलीत नवऱ्याकडे जायची. तो ते बशीतल्या पेशींवर घालायचा, आणि पेशी ढिम्म. वाढायचं नाव नाही.

प्रयोगशाळेत आता थट्टा सुरू झाली होती. माहेरी गुटगुटीत असतं, सासरी गेलं की मान टाकतं, असं काचेची भांडी धुणाऱ्या मावशीसुद्धा म्हणायच्या. सर मात्र हसत नव्हते. या खेपेच्या नळ्या संपेपर्यंत जमलं नाही तर प्रथिन बाहेरून विकत घेऊ, असं त्यांनी आज सकाळी सांगितलं होतं. विकत घेतल्यावर तिच्या खोलीचं आणि तिच्या नोकरीचं काय, हे सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

“नळ्या किती उरल्यात?”

“दोन.”

“चल. मी येते बघायला.”

हे नियमात बसत नव्हतं. ज्याने प्रथिन केलं त्याने चाचणीच्या वेळी तिथे थांबायचं नाही, हा सरांचा दंडक. आपल्या हातच्या कामाला माणूस जरा जास्तच गुण देतो, असं ते म्हणत. नवऱ्याने त्याची आठवण करून दिली. नियम पाळून आजवर काय मिळालं, असं काहीतरी पुटपुटत ती त्याच्यामागून गेलीच.

नवरा कामात नेटका होता, त्यात वाद नाही. हातमोजे, बर्फ, नळीतलं प्रथिन वितळेपर्यंत धीर धरणं, सगळं जिथल्या तिथे. मग त्याने नळी चिमटीत धरली आणि खोकल्याच्या औषधाची बाटली हलवावी तशी गदागदा हलवली. उजेडात धरून पाहिली. पुन्हा हलवली.

नळीत झाकणापर्यंत फेस आला होता.

“हे काय करतोयस?” तिने विचारलं.

“मिसळतोय.”

“दरवेळी असंच?”

“आधी इतकं नाही हलवायचो. जमेना, तसा जोर वाढवला.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “तूच म्हणाली होतीस ना, वापरण्याआधी मिसळून घे म्हणून?”

म्हणाली होती. कसं मिसळायचं, ते बोलली नव्हती. तो जन्मभर क्षार विरघळवत आलेला माणूस. क्षारांना कितीही हलवा, त्यांचं काही बिघडत नाही. प्रथिनाची घडी फेसात विस्कटते आणि पुन्हा बसत नाही, म्हणून नळी नुसती कलती करून सरळ करायची असते. हे तिच्या हाताला इतकं सवयीचं होतं, की कुणाला सांगावं लागेल असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

फार काही बोलायचं तिच्या ओठांवर होतं. त्यातलं निम्मं त्याला आणि निम्मं स्वतःला. तिने फेसाळलेली नळी त्याच्या हातातून काढून घेतली. “दुसरी उद्या,” एवढंच म्हणाली.

पाळणाघरापर्यंतच्या वाटेत मात्र ती बोलत राहिली. प्रथिनावर एक शब्द नाही. त्याचे ओले टॉवेल, गळका नळ, त्याची आई. तो ऐकत राहिला.

मुलगी सतरंजीवर झोपली होती. दात येतायत म्हणून दिवसभर किरकिरत होती, आत्ता कुठे डोळा लागलाय, असं तिथल्या बाईंनी कुजबुजत सांगितलं. नवरा गुडघ्यांवर बसला. एक हात त्याने मुलीच्या मानेखाली सरकवला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि इतक्या सावकाश उठला की तिच्या मुठीतलं फडकंसुद्धा निसटलं नाही.

ती बघत राहिली.

“उद्या नळी अशी,” ती हळूच म्हणाली.

तो मान हलवणार होता. पण मुलीचं डोकं त्याच्या गळ्याशी टेकलं होतं, म्हणून नाही हलवली.