गळ्याचा प्रश्न

किल्ट नेसून झाला होता. प्रश्न गळ्याचा होता.

रेव्हरंड टॉर्कल मॅकफेल आरशासमोर उभे होते. कमरेखाली सगळं ठाकठीक होतं. गुडघ्यापर्यंत मोजे, पुढे कातडी बटवा, किल्टच्या चुण्या बायकोने इस्त्री करून धारदार केलेल्या. पलंगावर दोन वस्तू पडल्या होत्या. एक पाद्र्याची पांढरी कॉलर, दुसरा काळा बो टाय. खाली अंगणात बॅगपाइपवाला वाद्यात हवा भरून बघत होता.

दारात लॅकलन काठी टेकून उभा होता. चर्चचा कारभार तोच बघायचा. या स्कॉटिश बेटावरच्या चर्चमध्ये देव आहे की नाही यावर कधी वाद झाला नव्हता. पाद्र्याने किल्ट नेसल्यावर मोज्यात सुरी खोचावी की नाही, यावर मात्र दोन सभा झाल्या होत्या आणि दोन्ही लॅकलनने जिंकल्या होत्या. खोचायची नाही.

"काळा आखूड कोट, गळ्यापर्यंत बंद जाकीट आणि वर पांढरी कॉलर," लॅकलन म्हणाला. "समारंभाला किल्ट नेसला की पाळकाने हेच घालायचं. तुमच्या आधीच्यांनी हेच घातलं, त्यांच्या आधीच्यांनीही हेच."

"मी आज लग्न लावत नाहीये, लॅकलन. त्यासाठी ओबानहून दुसरे पाळक आलेत. मला फक्त बाप म्हणून मुलीला वेदीपर्यंत घेऊन जायचंय."

"म्हणून काय झालं? बो लावून गेलात तर वाढपी दिसाल. लोक तुमच्याकडे व्हिस्की मागतील, पाळकसाहेब."

"इशबेलला कॉलर नकोय."

"पोरींचं काय घेऊन बसलात! लग्नाच्या दिवशी त्यांना काहीच नको असतं. माझ्या धाकटीला तर नवराच नको झाला होता. आता चार पोरं आहेत."

टॉर्कलनी कॉलर उचलली. बोटांना सवयच होती. ती गळ्यात बसली तशी मान आपोआप ताठ झाली आणि छातीत मघापासून हलत असलेलं काहीतरी जागच्या जागी थांबलं.

"आत्ता कसे आमचे पाळक दिसलात!" असं म्हणून लॅकलन खूश होऊन जिना उतरला.

तो गेला आणि इशबेल आली. पांढरा पोशाख, हातात फुलं. तिने आधी बापाच्या गळ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग मी एकटीच जाते."

"इशी, अगं ऐक तरी. गाव काय म्हणेल?"

"गाव कशाला काय म्हणतंय? गावाला तुम्ही मिळालात की, बाबा. फिनलेच्या वेळी." ती भांडत नव्हती. हवा-पाण्याचं बोलावं तसं बोलत होती. "माझा भाऊ बोटीवरून पडून बुडाला आणि त्याचा अंत्यविधी तुम्ही केलात. सगळं म्हटलंत. आवाज जरासुद्धा हलला नाही. मग चर्चच्या दारात उभं राहून एकेकाचा हात हातात घेतलात. त्या रांगेत मीही होते. माझाही हात घेतलात, 'प्रभू बळ देवो' म्हणालात आणि पुढच्याकडे वळलात. पुढचा म्हणजे खेकडेवाला डूगल."

टॉर्कलना डूगल आठवत होता. त्याच्या आधी एक हात अगदी गार लागला होता, तेही आठवत होतं. कुणाचा, ते नव्हतं आठवत.

"ही होती म्हणून उभा राहिलो गं," त्यांनी कॉलरला हात लावला. "ही नसती तर..."

"नसती तर काय झालं असतं?"

दर रविवारी साऱ्या बेटाच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या त्या माणसाने मानेमागे हात नेला आणि कॉलर काढली. खाली कातडीचा एक फिकट पट्टा होता, अंगठी काढल्यावर बोटावर दिसतो तसा.

इशबेलने पलंगावरचा बो उचलला.

"हा फिनलेचा आहे. गाठही त्यानेच मारलेली. मी सोडली नाही. मागे आकडा आहे, तेवढा अडकवला की झालं."

ती त्यांच्या मागे गेली. आकडा अडकला.

"वाकडा आहे जरा," ती म्हणाली. "त्याला सरळ कधी जमलाच नाही."

वाकडा म्हणताच टॉर्कलचा हात सरळ करायला वर गेला. बोटं गाठीला लागली आणि तिथेच राहिली.

मग जो आवाज निघाला तो त्या घराने कधी ऐकला नव्हता. अंगणातला बॅगपाइप मध्येच थांबला. इशबेलने मागूनच बापाला मिठी मारली, फुलं दोघांच्या मध्ये चुरगळली. टॉर्कल काहीतरी म्हणू पाहत होते. एखादं वचन, एखादी प्रार्थना. जन्मभर पाठ असलेलं एकही तोंडात येईना. मुलाचं नाव तेवढं येत होतं, तेही अर्धंच.

खाली खुर्च्या सरकल्या.

"अगं बाई, वर कोण रडतंय?" नवऱ्या मुलाच्या आत्याचा घाबरलेला आवाज आला. "असे बघत काय उभे राहिलात? पाळकांना बोलवा कुणीतरी!"

जिन्यावर पावलं वाजली. मग कठड्यावर काठी आडवी आपटली आणि पावलं थांबली.

"वर कुणी जायचं नाही," लॅकलन म्हणाला. "पाळक घरात नाहीयेत."