टिंग्

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ऐका!" हणमंतमास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली. "भर मतदानात यंत्र बंद पडलं. मग मी आफ्रिकेतल्या गाम्बियात करतात तसं केलं. उमेदवारागणिक दुधाचा एक कॅन, आत सायकलची घंटी. मतदारानं गोटी टाकायची, की टिंग्! एकही माणूस मत दिल्यावाचून परत गेला नाही."

हॉटेलात हशा पिकला.

"आणि गोजराक्का?" चहावाल्यानं विचारलं.

मास्तर चपापले. यंत्र सुरू होण्याची वाट बघत गोजराक्कानं उन्हात, रांगेतच जीव सोडला होता.

"तिचीच तर पहिली टिंग्!" ते रेटून बोलले.

कोपऱ्यातल्या रिकाम्या बाकावरून कापरा आवाज आला.

"खोटं नको बोलूस, मास्तरा. हे बघ माझं बोट. शाई कुठंय?"