हाताला दोन वेढे

कादिरने गळाची तंगूस उजव्या तळव्याभोवती दोन वेढे देऊन घट्ट आवळली, तसा बाळकृष्ण पुढे सरला.

“कादिरभाई, वेढे सोडा. हा नायलॉनचा दोरा आहे. तो तुटायच्या आधी हात तुटेल.”

“तुझं शास्त्र लॅबमध्ये ठेव, बाळ्या. रत्नागिरीच्या खाडीत माझा बाप असाच धरायचा.”

“खाडीत वीतभर शेंगटी लागते. इथे बॅराकुडा आहे.”

“नाव नको घेऊ रे!” कादिर खेकसला. मासा वर आल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचं नाही, हा त्याच्या बापाचाच नियम.

कादिरच्या कामगार-कॅम्पातला हाशिर हसला. “मी कालच घेतलंय. कॅम्पात मसालापण वाटून ठेवलाय. सगळ्यांना सांगितलंय, कादिरभाई माणसाएवढा मासा आणणार.”

“तुझ्या तोंडाला कुलूप लावायला हवं.”

सौदीतल्या जुबैलच्या उत्तरेला, समुद्रात गेलेल्या बांधाच्या दगडांवर तिघे उभे होते. कुवेतच्या बाजूने तेलाचा तवंग खाली सरकत होता. पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात बाळकृष्ण रोज त्याचेच नमुने तपासत होता. पुढच्या शुक्रवारपर्यंत इथली मासेमारी खलास, हे त्यानेच सांगितलं होतं. कुवेतची लढाई सुरू झाल्यापासून कादिरच्या कंपनीत माणसं कमी करायला निमित्तच शोधत होते. कादिर वेल्डर. उजवा हात हाच त्याचा इकामा, इथे राहायचा परवाना.

तंगूस सणकन ताणली गेली.

“लागला!” हाशिर ओरडला. “खेचा!”

कादिर मागे रेलला. दोरा मांसात रुतला, मनगटावरून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आला. मासा दगडांत शिरला आणि दोरा कादिरच्या पायाजवळच्या कपारीत घट्ट अडकला. तेवढ्यात उत्तरेकडून बॉम्बचा दणका झाला. बांध हादरला, शेवाळावरून कादिरचा पाय सटकला आणि तो उताराच्या दगडांवरून खाली गेला. त्याचं सगळं अंग त्या एका हातावर लोंबकळलं.

मासा ओढत नव्हता. कादिरचं वजनच त्याचा हात कापत होतं.

बाळकृष्ण आमिष कापायची सुरी घेऊन खाली धावला.

“कापू नको!” कादिर किंचाळला. “कॅम्पात सगळे थांबलेत! बाळ्या, आईशपथ सांगतो, कापू नको!”

बाळकृष्णाने तंगूस कापली. कादिर पाण्याच्या काठाशी आदळला आणि डाव्या हाताने त्याने बाळकृष्णाच्या तोंडावर ठोसा हाणला. बाळकृष्ण दगडावर पडला. तिथूनच त्याला पाण्यात, दगडांतून सुटणारा मासा दिसला. पांढरं पोट एकदा वळलं आणि गेलं. जेमतेम हातभर असेल.

हाशिरने डोक्याचा रुमाल सोडून कादिरच्या तळव्याला बांधला. मग दोघांनी त्याला पिकअपमध्ये आपल्या दोघांच्या मध्ये बसवलं.

“बोटं हलवा,” बाळकृष्ण म्हणाला. त्याचा ओठ सुजला होता.

अंगठा हलला. त्याच्या शेजारचं बोट जरासं थरथरलं. बाकीची तीन लाल रुमालात तशीच पडून राहिली.

हाशिरने गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला घातली.

“बाळ्या,” कादिर समोर बघत म्हणाला, “तू बघितलास ना त्याला? केवढा होता?”

हाशिरनेही मान वळवली.

बाळकृष्णाने हात पसरले. गाडीत ते मावेनात, म्हणून त्याने काच खाली केली आणि एक हात खिडकीबाहेर लांब काढला.