मध्यरेषा

टेबलावर पाच वस्तू होत्या. पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. फोर-एच पेन्सिल. काडेपेटी, आत अकरा काड्या. एक सुटी सिगारेट. आणि वाटीत, कापसावर, तीन मुळांची एक दाढ. काल सकाळी दहापर्यंत ती मिलीच्या तोंडात होती.

"ही कशाला जपून ठेवलीस?" शाईने वाटी डोळ्यांजवळ नेत विचारलं.

"मोजायची होती."

"मोजलीस?"

"एकवीस मिलिमीटर. मुळांसकट." मिली तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून बोलत होती. डावा गाल टम्म फुगला होता.

दोघींनी सव्वीस वर्षं एकाच ड्रॉइंग ऑफिसात शेजारशेजारच्या बोर्डांवर ट्रेसिंग केलं. ही टोपणनावंही तिथलीच. एकीला मिलिमीटरची चूक खपायची नाही, दुसरीच्या बाहीला कायम काळी शाई. रोज चार वाजता गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, दोघींत एक सिगारेट. तिच्यावर मध्यरेषा आखायचं काम मिलीचं. पहिली पाळी शाईची, कारण तिला दम निघायचा नाही. पण बाई रेषेवर कधी थांबल्या नाहीत. बोलण्याच्या नादात पुढे जायच्या, रेष जळून जायची, आणि जळालेली रेष पुरावा म्हणून दाखवणार कशी? मिली उरलेली मोजायची. तीसच्या जागी सत्तावीस. कधी अठ्ठावीस. शाई रोज कानांवर हात ठेवायची.

निवृत्तीनंतर सिगारेट सुटली. राहिली ती फक्त भेटीपुरती, एका भेटीला एक.

आता शाईचं घर विकून झालं होतं. उद्या पहाटे ती कायमची मुलीकडे राहायला जाणार होती, समुद्रापलीकडे. मुलगी खाली गाडीत बसली होती. तिने आईला पंधरा मिनिटं दिली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"बहात्तर तास काहीही ओढायचं नाही. सरबतसुद्धा स्ट्रॉने नाही. ओढलं की रक्ताची गुठळी निघून येते, खाली हाड उघडं पडतं."

"किती झाले?"

मिलीने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजले होते. "तीस."

"मग राहू दे आज."

"आज नाही तर कधी?"

मिलीने सिगारेट पट्टीला लावली. फिल्टर सोडून साठ मिलिमीटर. तिसावर पेन्सिलीचं टोक टेकवून तिने सिगारेट बोटांत गोल फिरवली. रेष सरळ आली.

"तू ओढ रेषेपर्यंत. मग माझी पाळी."

"आणि हाड?"

"माझं हाड आहे, मी बघेन."

शाईने खिडकीशी जाऊन सिगारेट पेटवली. पहिल्याच झुरक्याला ठसका लागला. डोळे पुसून ती म्हणाली, "साहेब आठवतात? जिन्यात उभे राहून हवेत नाक वर करायचे. 'कोण ओढतंय वर?'"

"आणि तू म्हणालीस, अमोनिया आहे, सर."

"प्रिंटच्या मशिनमधून गळतोय, सर."

"बिचाऱ्यांनी मशीन खोललं."

"दोनदा खोललं गं. दुसऱ्या वेळी तर माझी पाठ थोपटली. म्हणाले, लक्ष असतं बाई तुमचं."

मिलीला हसू आवरेना. तिने गाल दाबून धरला. "हसवू नकोस, मेले. टाके आहेत."

"टाके सरळ घातलेत का? की मोजून पुन्हा घालायला लावलेस?"

खाली हॉर्न वाजला. एकदा, अदबीने.

मिलीने हात पुढे केला. तिची बोटं जुन्याच सवयीने वळलेली होती, तर्जनी आणि मधलं बोट, मध्ये बरोबर तेवढी फट.

शाईने त्या हाताकडे पाहिलं, मग हातातल्या सिगारेटीकडे. मग तिने खिडकीच्या दगडावर सिगारेटीचं टोक टेकवलं आणि गोल फिरवत, हलक्या हाताने, निब पुसावी तसं विझवलं.

"अगं, माझी पाळी."

"तुझी पाळी बेचाळीस तासांनी."

"तेव्हा तू कुठे असशील?"

"असेन कुठेतरी. फोन लाव, मी ठसका देते." तिने उरलेली सिगारेट वाटीत, कापसावर, दाढेशेजारी ठेवली. पर्स उचलली. दाराशी जाऊन ती वळली. "आणि मोजत बसू नकोस."

तिच्या चपलांचा आवाज जिना उतरत गेला. गाडीचं दार लागलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत मिली खिडकीत उभी राहिली.

मग ती टेबलाशी आली, चष्मा चढवला आणि पट्टी घेतली.

फिल्टरच्या कडेपासून जळक्या टोकापर्यंत चौतीस मिलिमीटर. तिसावर रेष, शाबूत.