आगाऊ उत्तर

“उत्तर तयार आहे ना?” जावईबापूंनी दारातूनच विचारले.

“उत्तर तयार आहे, साहेब,” मावशी म्हणाल्या. “तक्रार तेवढी यायची आहे.”

यात कोणालाच विनोद वाटला नाही. पामतेलाच्या त्या कंपनीत तक्रार-निवारण कक्षाचा हा नित्यक्रमच होता. कक्षाचे प्रमुख मालकांचे जावई; म्हणून पाठीमागे जावईबापू आणि समोर साहेब. मसुदे लिहिण्याचे काम मावशींकडे होते. गेली बावीस वर्षे त्या कंपनीच्या वतीने खेद व्यक्त करीत होत्या, आणि त्यांच्याइतक्या शुद्ध भाषेत खेद व्यक्त करणारे माणूस शोधून सापडले नसते. धूर, नदीत मेलेले मासे, मजुरांच्या गळक्या खोल्या, फवारणीने सोलवटलेले हात, प्रत्येकासाठी कपाटात वेगळा कप्पा होता. पामच्या लागवडीसाठी एखादे रान तोडायचा बेत ठरला की पुढे येणाऱ्या तक्रारीचे उत्तर त्याच दिवशी लिहायचे, पाकिटावर पत्ता घालायचा आणि कपाटात ठेवायचे. तक्रार आली की ते सहीला बाहेर निघे.

एकदाच एक उत्तर सही होऊनही तीन दिवस टेबलावर राहिले होते. तेलाच्या बड्या खरेदीदारांनी जाब विचारला, आणि जावईबापूंनी भरल्या कक्षात मावशींना फैलावर घेतले. “सही झालेलं उत्तर या टेबलावर पडलेलं मला दिसता कामा नये!” असे म्हणून त्यांनी मूठ आपटली. तेव्हा सांडलेल्या चहाचा डाग टेबलावर अजून होता. मावशी रोज त्याच्याच शेजारी कागद ठेवीत.

खरेदीदारांची आणखीही एक अट होती. झाड उभे असताना तक्रार आली, तर चौकशी पुरी होईपर्यंत करवत थांबवायची. झाड पडल्यावर आली, तर उत्तर द्यायचे. कंपनीने ही अट अत्यंत आनंदाने मान्य केली होती. कोणते रान केव्हा पडणार हे बाहेर कोणाला कळतच नसे. त्यामुळे तक्रारी सदैव झाडे पडल्यावरच येत. जो तारीख फोडील त्याची नोकरी जाईल, असे प्रत्येकाकडून लिहून घेतलेले होते. मावशींनीही लिहून दिले होते, आणि दिलेला शब्द पाळला होता.

आज कपाटातल्या पाकिटांपैकी एकावरचा पत्ता त्यांच्या ओळखीचा होता. नदीच्या वळणावरची वस्ती. तिथे त्यांची धाकटी बहीण राहत होती. येत्या बुधवारी तिच्या घरामागचे रान पडायचे होते, आणि रानातला झरा मातीखाली जायचा होता. सगळी वस्ती त्याच झऱ्याचे पाणी पीत असे.

परवाच बहिणीचा फोन आला होता. “ताई, एवढा कडक उन्हाळा, पण आपला झरा काही आटला नाही बघ. चार दिवस येऊन राहा ना. की तुझ्या साहेबांचं तुझ्यावाचून अडतं?”

“अडतं गं,” एवढेच मावशी म्हणाल्या होत्या. जिभेच्या टोकावर आलेला बुधवार त्यांनी गिळला होता.

जावईबापू टेबलापाशी आले. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात पेन. उभ्याउभ्या सह्या करायची त्यांची रीत होती. कागद वाचणे हे ज्याला तो मिळतो त्याचे काम, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यातून आज शनिवार, आणि दुपारी सासरेबुवांकडे जेवण. मावशी एकेक कागद पुढे सरकवू लागल्या. सहा कागद जुन्या तक्रारींचे होते. सातव्यापाशी त्यांचा हात क्षणभर थबकला. मग तोही कागद सरकला. सही झाली.

“झालं? सोमवारी मला टेबल स्वच्छ दिसलं पाहिजे.”

“सही झालेलं एकही उत्तर इथं राहायला नको, असंच ना साहेब?”

“किती वेळा सांगू, मावशी? एकही नको!”

मावशींनी नम्रपणे मान डोलावली आणि शिपायाला हाक मारली. सातही पाकिटे दुपारच्या आत हातोहात पोचती झाली. आज्ञेचे असे तंतोतंत पालन त्या कक्षात पूर्वी कधी झाले नव्हते.

मंगळवारी सकाळी वस्तीतली तीसेक माणसे कक्षात येऊन उभी राहिली. सर्वांपुढे मावशींची बहीण. तिने ताईकडे परक्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले, आणि हातातला कागद थेट जावईबापूंना दिला.

जावईबापू वाचू लागले. पहिल्या ओळीला आवाज खणखणीत होता. “‘बुधवारी रान तोडताना आपला झरा बुजला, याबद्दल कंपनीस मनःपूर्वक खेद आहे, असे आपल्या सहीचे पत्र शनिवारी पोचले. बुधवार उद्या आहे. झरा वाहतो आहे. तरीही आपल्या खेदाचा मान राखून रीतसर तक्रार सोबत जोडली आहे. आपल्या पत्रासह एक प्रत खरेदीदारांकडे कालच पाठवली.’” शेवटच्या ओळीला नुसते ओठ हलले.

त्यांनी सोबतचे पत्र उलटून पाहिले. सही त्यांचीच होती, खालच्या लफ्फेदार रेघेसह. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजू लागला. तो सासरेबुवांचा होता.

“मावशी!” जावईबापूंच्या कपाळावर घाम डवरला. “याचं उत्तर! याचं उत्तर आजच्या आज गेलं पाहिजे!”

मावशींनी पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि चहाच्या डागाखेरीज काहीही नसलेल्या टेबलाकडे पाहिले.

“ते गेलंय, साहेब,” त्या म्हणाल्या. “या खेपेस तीन दिवस आधीच.”