बार्बाडोसला जाणाऱ्यांसाठी सूचना

"एक नंबर." गनीने टाइपरायटरवर बोटं ठेवली. "यल्ला, चला चाचा, बोला. चारला साहेब येईल."

आखातातल्या देरा बंदरात, खाडीकाठच्या शिपिंग कचेरीत तीन वाजले होते. चौसष्ट सालचा ऑगस्ट. पंखा गरम हवाच फिरवत होता. साहेब आणि मेमसाहेब सुट्टीसाठी बार्बाडोस बेटावर निघाले होते. त्या बेटावर पाय ठेवलेला माणूस अख्ख्या कचेरीत एकच : गोदामाचा वॉचमन खैरुद्दीन, पूर्वीचा खलाशी. म्हाताऱ्याला विचारून उपयोगाच्या सूचना टाइप कर, असं साहेबाने क्लार्क गनीला सांगितलं होतं.

खैरुद्दीन स्टुलावर बसून गुडघे चोळत होता. "सकाळी लवकर निघायचं. आठनंतर ऊन डोक्यात जातं."

"कुठून?"

"धक्क्यावरून."

गनीने त्याचं इंग्रजी केलं. "दोन."

"टोपी पाहिजे. त्या रस्त्याला सावली नाही. पायात बूट. सपाता नकोत, दगड टोचतात."

"तीन."

"वाटेत एक झाड लागतं. हिरवी, छोट्या सफरचंदासारखी फळं. खायची नाहीत. पाऊस आला तरी त्याच्याखाली थांबायचं नाही. पानांवरून गळलेल्या पाण्यानं फोड येतात. आमच्या एका खलाशाची पाठ सोलून निघाली."

"हे बेस्ट. मेमसाहेबला असलंच पाहिजे असतं. चार?"

"पांढरं चर्च आलं की डाव्या हाताला वळायचं."

"खाणंपिणं सांगा ना, चाचा. हॉटेल, बाजार, बीच."

"मच्छी चांगली म्हणतात. पंखवाली असते. बीच बोटीतून दिसला."

गनीची बोटं थांबली. "तुम्ही किती दिवस होता तिथं?"

"सकाळी उतरलो. दुपारी बोट सुटली."

"सहा वर्षं आम्ही तुम्हाला बार्बाडोसचा बादशहा म्हणतोय. आणि तुम्ही तिथं अर्धा दिवस?"

"मी कुठं म्हणतो? तुम्हीच म्हणता."

गनीने घाम पुसला आणि टाइप केलेलं वरून खाली वाचलं. सगळ्या सूचना मिळून एकच रस्ता होता.

"हा रस्ता जातो कुठं, चाचा?"

खैरुद्दीनने खिडकीबाहेर पाहिलं. खाडीत एक अब्रा होडी माणसं भरून पलीकडे चालली होती.

"चर्चच्या मागं कब्रस्तान आहे. पाद्री भला माणूस. भिंतीलगत जागा दिली. जहूर आहे तिथं, माझा धाकटा भाऊ. तीन दिवस ताप आला, खलास. डेकवर तो पैगंबरांच्या स्तुतीची मौलूद पढायचा तेव्हा बॉयलरवालेसुद्धा वर येऊन बसायचे." त्याने गुडघा चोळला. "माती दिली मी. कबरीवर पाणी घालायचं राहिलं. बोटीचा भोंगा झाला."

"कधीची गोष्ट?"

"एकोणीस वर्षं झाली."

गनी हळूच म्हणाला, "साहेब ख्रिश्चन आहे, चाचा."

"पाण्याला कुठं कलमा येतो?"

"तसं नाही. सुट्टीला चाललाय बिचारा. त्याला कबरीवर जा म्हणून कसं सांगू?"

"नको सांगू. मी सांग म्हटलं का? मी रस्ता सांगितला." खैरुद्दीन गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागला. एका झटक्यात उठता येईना.

"बसा," गनी म्हणाला आणि टाइप करू लागला. बराच वेळ टाइप करत होता. मग त्याने मराठीत वाचून दाखवलं.

"पाच नंबर. बेटाचा रिवाज. चर्चच्या मागं, भिंतीलगत शेवटची कबर. नवा पाहुणा तिच्यावर बाटलीभर पाणी ओततो. न ओतल्यास गावचे लोक मनाला लावून घेतात."

"असा रिवाज नाही तिथं."

"लिहून दिलं की साहेब लोक पाळतात."

"झूठ आहे रे, गनी."

"असू दे. माझ्या डाव्या खांद्यावरचा फरिश्ता हे पाप लिहून घेईल. तुमच्या नावावर येणार नाही."

खैरुद्दीनच्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, तो त्याने दोनदा चाचपला.

गनीने कागद बाहेर काढला. ड्रॉवरमधून कोरे कागद घेतले, त्यांच्यात एकेक करून पाच कार्बन घातले आणि तो जाड गठ्ठा मशीनमध्ये कसाबसा चढवला.

"इतके कशाला? साहेब तर एकच."

"साहेब बदलतात, चाचा. हा गेला की दुसरा येतो, त्यालाही सुट्टी असते." त्याने रूळ सरळ केला. "परत सांगा. एक नंबर."

खैरुद्दीन स्टुलावर नीट बसला.

"सकाळी लवकर निघायचं," तो म्हणाला. "आणि पाण्याच्या बाटल्या दोन घ्यायच्या."